रिकाम्या महिन्याचा रकाना

भाड्यानं द्यायला घर घ्यायचं ठरलं की माणसं आधी एक कागद करतात. हल्ली तो कागद म्हणजे मोबाइलमधली एक्सेलची शीट असते, पण मांडणी तीच. वर घराची किंमत, खाली कर्जाचा हप्ता, त्याखाली महिन्याचं भाडं गुणिले बारा. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासत बसल्यामुळे नात्यातले, ओळखीतले असे कागद माझ्याकडे येत राहतात, आणि माझी पेन्सिल आधी त्या बारावर टेकते. वर्षाला बारा भाडी येतील हे कुणी सांगितलं? एक भाडेकरू किल्ली देऊन जातो. मग भिंतींवरचे खिळे उपटा, रंग द्या, बिघडलेला गीझर बदला, दलालाला फोन करा. चार जण बघून जातात, पाचव्याला पसंत पडतं आणि त्याला नेमकं पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून हवं असतं. सगळं सुरळीत होऊनही एक महिना गेलेला असतो, आणि त्याचा रकाना कुठल्याच कागदात नसतो.

मध्यंतरी भाच्यानं असाच कागद पाठवला. मी बारावर गोल करून परत धाडला, तर लगेच फोन.

"अगं मावशी, जागा मोक्याची आहे. रिकामी राहणारच नाही."

"म्हणजे तुझा भाडेकरू कधी सोडूनच जाणार नाही?"

"जाईल की. दुसरा येईल."

"कधी?"

भाचा गप्प बसणाऱ्यातला नाही. म्हणाला, आलाच एखादा महिना रिकामा, तर पुढच्याकडून थोडं जास्त भाडं घेऊन भरून काढू. हे बोलायला सोपं आहे. पाच टक्के जास्त भाडं मिळावं म्हणून घर एक महिना रिकामं ठेवलं, तर तो गेलेला महिना भरून यायला 20 महिने लागतात. दर महिन्याला पाच टक्के वरचे, असे वीस वेळा, तेव्हा कुठं एक अख्खं भाडं. तोवर हा जास्त भाडं देणाराही निघायच्या बेतात असू शकतो, आणि निघाला की पुन्हा रंग, पुन्हा दलाली. वेळेवर पैसे देणारा, नळ गळला तर आधी बादली लावून मग फोन करणारा भाडेकरू बाजारभावापेक्षा थोड्या कमी भाड्यात टिकवून ठेवणारे मालक मला माहीत आहेत. लोक त्यांना भिडस्त म्हणतात. मला ते पक्के हिशेबी वाटतात.

पूर्ण हिशेब एकदा मांडूनच बघू. चलन कुठलंही असो, घराची किंमत 100 धरा. मुद्रांक, नोंदणी, वकील, दलाली आणि भाडेकरूला आत पाऊल टाकावंसं वाटेल इतपत डागडुजी, यांचे 8. ठिकाणानुसार हा आकडा कमीजास्त होतो, शून्य कुठंच नसतो. म्हणजे घर पडलं 108 ला. वर्षाचं भाडं 5. जाहिरातीत 'पाच टक्के परतावा' असतो तो हाच. आता एक रिकामा महिना वजा करा, 0.42. दुरुस्तीसाठी दर वर्षी किमतीच्या एक टक्का बाजूला ठेवावा असा एक जुना ठोकताळा आहे, तो 1. घरपट्टी, विमा आणि इमारतीचा सामायिक खर्च मिळून 0.6. घराकडे बघायला कुणी ठेवला, किंवा स्वतःच्या वेळेला काही मोल दिलं, तर 0.4. उरले 2.58. त्याला 108 नं भागा. 2.4 टक्केसुद्धा नाहीत. पाचाचे निम्मेही राहिले नाहीत, आणि अजून आयकर आलेला नाही, कर्ज तर दारातच उभं आहे.

त्याला आत घेऊ. 70 कर्ज, 7 टक्के व्याज, 20 वर्षं मुदत. वर्षाचे हप्ते होतात साडेसहा. घर देणार 2.58, म्हणजे दर वर्षी जवळजवळ 4 पदरचे घालायचे. यावर हमखास येणारं उत्तर असं की हप्त्यातून मुद्दलही फिटतंच आहे. फिटतं, पण पहिल्या वर्षीच्या साडेसहापैकी मुद्दलात जातात जेमतेम 1.67, बाकीचं सगळं व्याज, सुमारे 4.85. घराची कमाई 2.58 आणि व्याज 4.85, म्हणजे सव्वादोनच्या वर खड्डा. शिवाय स्वतःचे 38 अडकले, 30 किमतीतले आणि 8 वरच्या खर्चाचे. ते साध्या ठेवीत 5 टक्क्यांनी पडले असते तरी 1.9 आले असते. दोन्ही धरून 4.17. याचा अर्थ, पहिल्या वर्षी घराचा भाव चार टक्क्यांहून जास्त वाढला तरच हा माणूस, पैसे ठेवीत टाकून निवांत बसलेल्या माणसाच्या बरोबरीला येतो. पुढच्या वर्षांत व्याज हळूहळू उतरतं, भाडंही बहुधा थोडं वाढतं, खड्डा उथळ होत जातो. पण तो भरेपर्यंत बरीच वर्षं जातात.

आकडे बदलून बघा. भाडं किमतीच्या आठ टक्के असेल आणि कर्ज पाच टक्क्यांनी मिळत असेल, तर चित्र पार पालटतं. अशी गावं आणि असा काळ असतो. मी कागद तपासते तो एवढ्याचसाठी, की घेणारा नेमकं काय विकत घेतो आहे ते त्याला दिसावं. वरच्या उदाहरणातला माणूस भाडं विकत घेत नाही. तो भाव वाढण्यावर पैज लावतो आहे, आणि भाडं त्या पैजेचा दरमहाचा भार थोडा हलका करतं, इतकंच. पैज लावायला माझी हरकत नाही. पण कागदाच्या डोक्यावर 'भाड्याचं उत्पन्न' लिहायचं आणि सगळी मदार भाववाढीवर ठेवायची, याला माझी हरकत आहे.

मग भाव किती वाढतात? सगळ्यांच्या आठवणीत कुणीतरी चुलतआजोबा असतात, ज्यांनी कवडीमोलानं घेतलेल्या घराला आज सोन्याचा भाव आहे. अशा गोष्टीत महागाई वजा केलेली नसते आणि मधल्या वर्षांचा दुरुस्तीखर्च कुणी सांगत नाही. ॲमस्टरडॅममध्ये हेरेनग्राख्त नावाचा एक कालवा आहे, दोन्ही काठांवर श्रीमंत व्यापाऱ्यांनी बांधलेली घरं. ती मुळातच चांगल्या वस्तीतली, आणि त्यांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी शतकानुशतकं टिकून राहिल्या. पीट आइकहोल्ट्झ या डच अभ्यासकानं त्यांवरून 1628 ते 1973 या काळाचा किमतींचा निर्देशांक बांधला. महागाई वजा केल्यावर जवळजवळ साडेतीनशे वर्षांत तिथले भाव दुपटीच्या आसपास गेले. वर्षाला पाव टक्काही नाही. मध्ये युद्धं, साथी, भरभराट, मंदी असं सगळं येऊन गेलं, आणि एखाद्या मालकाच्या हयातीत भाव तिप्पट झाला असेल किंवा निम्म्यावरही आला असेल. मोक्याच्या जागेचा भाव वाढतच राहतो असं म्हणणाऱ्यांना मी हा कालवा दाखवते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. 2019 मध्ये पाच अर्थतज्ज्ञांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 16 प्रगत देश, 1870 ते 2015 हा काळ. घरं आणि शेअर या दोघांचा महागाई वजा जाता परतावा वर्षाला सात टक्क्यांच्या आसपास निघाला, आणि घरांचा चढउतार शेअरपेक्षा बराच कमी. त्या परताव्याचा मोठा हिस्सा भाववाढीतून आलेला नव्हता, भाड्यातून आलेला होता. गुंतवणुकीसाठी घरं विकणाऱ्यांना आवडावा असाच हा निष्कर्ष आहे.

त्यानंतर 2021 मध्ये आलेला दुसरा अभ्यास मला जास्त जवळचा वाटतो, कारण तो जमाखर्चाच्या वह्यांमधून काढलेला आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या काही कॉलेजांकडे पिढ्यान् पिढ्या घरं, दुकानं, शेतजमिनी आहेत. त्यांच्या 1901 ते 1983 या काळातल्या नोंदी तीन संशोधकांनी मिळकतवार तपासल्या. कुठल्या घराचं भाडं किती आलं, त्यावर दुरुस्तीला किती गेलं, वसुलीला किती, सगळं. राहत्या घरांचा महागाई आणि खर्च वजा जाता परतावा निघाला वर्षाला सुमारे 2.3 टक्के. देश वेगळे, काळ वेगळा, म्हणून सात आणि सव्वादोन हे आकडे शेजारी ठेवून भांडण लावता येणार नाही. पण देशभराच्या निर्देशांकात दिसणारं घर आणि वहीत खर्च पडणारं घर यांत केवढी तफावत असू शकते, हे त्यातून कळतं. आणि ती वही होती शेकडो वर्षं टिकलेल्या, कर्जाच्या हप्त्याची धास्ती नसलेल्या, एकाच वेळी अनेक मिळकती बाळगणाऱ्या संस्थांची. आपल्याकडे एकच घर असतं. निर्देशांकातलं घर पाच टक्के रिकामं राहू शकतं. आपलं घर एक तर भरलेलं असतं नाही तर अख्खं रिकामं.

दुरुस्तीचा तो एक टक्काही असाच सरासरीचा आहे. खर्च तसा समान हप्त्यांनी येत नाही. चार वर्षं प्लंबरच्या किरकोळ फेऱ्यांवर भागतं, आणि पाचव्या वर्षी गच्चीची गळती, न्हाणीघरातली लाद्यांखालची ओल आणि जुनी वायरिंग अशी सगळी देणी एकदम उभी राहतात. विकणारा नेमका चौथ्या वर्षाच्या शेवटी घर विकायला काढतो, असा माझा अनुभव आहे. यात त्याची लबाडी असतेच असं नाही. मोठा खर्च दिसू लागला की माणसाला घराचा कंटाळा येतो, इतकंच.

म्हणून घर बघायला गेले की मी बैठकीच्या खोलीतून पटकन पुढं सरकते. न्हाणीघराच्या पलीकडची भिंत बघायची. तिथं जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत रंगाची छटा बाकीच्या भिंतीपेक्षा किंचित ताजी असेल, तर बोट फिरवून बघायचं. लोणा धरलेल्या भिंतीवर वरून कितीही रंग मारला तरी हाताला बारीक पीठ लागतं, आणि टिचकी मारली की गिलावा पोकळ वाजतो. सिंकखालचं कपाट उघडायचं. तळाची फळी फुगून तिच्या कडा उलल्या असतील तर गळती आजची नाही. सगळे नळ एकदम सोडायचे आणि मग संडासाची टाकी ओढायची, पाण्याचा जोर तेवढ्यात कळतो. मीटरच्या पेटीत नवीन आणि जुन्या वायरी एकाच स्क्रूखाली पिळलेल्या दिसल्या, तर भाव करताना वायरिंगचा अख्खा खर्च धरायचा. दलाल तोवर बाल्कनीतून दिसणाऱ्या देखाव्याचं कौतुक करत असतो. देखावा भाडेकरूला दाखवायला ठीक आहे.

पण घराच्या आतलं निदान दिसतं तरी. सदनिका घेताना आपण एक न दिसणारी गोष्टही विकत घेतो, ती म्हणजे सगळ्यांची मिळून असलेली इमारत, आणि तिच्याबद्दल इतर मालकांनी वर्षानुवर्षं केलेली चालढकल. ती वाचायला मिळते सभांच्या इतिवृत्तात. मी ते मागितलं की विकणारे चमकतात. गेल्या पाचसात वर्षांची इतिवृत्तं चाळली की एक विषय दर वर्षी डोकं वर काढताना दिसतो, गच्चीचं वॉटरप्रूफिंग किंवा खांबांची तपासणी, आणि दर वर्षी त्यापुढे 'पुढील सभेत विचार करावा' असा शेरा. राखीव निधी किती आहे ते बघा, भागिले घरं किती ते करा. तो आकडा किरकोळ असेल आणि इमारत तीस वर्षांची असेल, तर स्वस्त मासिक खर्चाचं कारण तुम्हाला सापडलेलं असतं. तो खर्च वाचलेला नाही, तुमच्यासाठी ठेवलेला आहे.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथं 24 जून 2021 च्या पहाटे एका बारा मजली निवासी इमारतीचा मोठा भाग कोसळला, 98 माणसं गेली. इमारत 1981 ची. 2018 मध्येच एका अभियंत्यानं अहवालात लिहून ठेवलं होतं की पोहण्याच्या तलावाजवळच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग निकामी झालं आहे आणि खालच्या काँक्रीटला मोठी इजा पोचते आहे. दुरुस्तीचा खर्च मालकांमध्ये वाटून घेण्यावर वाद होत राहिले. सुमारे दीड कोटी डॉलरची वर्गणी मंजूर व्हायला 2021 चा एप्रिल उजाडला. दुर्घटनेनंतर, 2022 मध्ये, त्या राज्यानं जुन्या उंच इमारतींची ठराविक काळानं तपासणी आणि संरचनेच्या दुरुस्तीसाठी राखीव निधी बंधनकारक केला. ज्यांनी भाड्यासाठी म्हणून अशा जुन्या इमारतींत स्वस्तात सदनिका घेतल्या होत्या, त्यांचा सगळा हिशेब त्यामुळे बदलला. आधी पुढं ढकललेलं सगळं आता कायद्यानं मागितलं जाऊ लागलं.

आता धोक्याकडे येते. माणसं धोके सुटे सुटे मोजतात. घर रिकामं राहील का, भाडेकरू पैसे बुडवेल का, व्याज वाढेल का, भाव पडतील का. एकेक बघितला तर प्रत्येक पेलण्याजोगा वाटतो. पण ते येतात हातात हात घालून. मंदी आली की नोकऱ्या जातात, नोकरी गेलेला भाडेकरू भाडं थकवतो किंवा स्वस्त जागेत जातो, तेव्हाच घरांचे भाव उतरतात, आणि भाव उतरले की बँक जास्तीचं कर्ज द्यायला तयार नसते. ज्या वर्षी आधाराची गरज असते त्याच वर्षी सगळे आधार एकदम सुटतात.

अमेरिकेत 2006 च्या शिखरापासून 2012 पर्यंत देशभरातल्या घरांचे भाव सरासरी 27 टक्क्यांच्या आसपास उतरले. आयर्लंडमध्ये 2007 ते 2013 या काळात जवळपास निम्म्यावर आले. शंभराच्या घरावर सत्तर कर्ज असलेल्या माणसाचे तीस म्हणजे त्याची सगळी पुंजी; भाव 27 टक्के पडले की त्यातले तीन उरतात. दोन्ही देशांत भाव पुढच्या काही वर्षांत पुन्हा चढले. पण ते बघायला जे टिकले त्यांनाच ते मिळाले. ज्यांना मधल्या वर्षांत हप्ता भरता आला नाही त्यांची घरं तळाच्या भावात गेली, आणि सरासरीच्या आलेखात त्यांची काही वेगळी रेघ नसते.

व्याजाचंही असंच. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर 2021 च्या सुरुवातीला 0.1 टक्का होता, ऑगस्ट 2023 मध्ये तो 5.25 वर पोचला. दोन वर्षांच्या आत. ज्यांचा कर्जाचा दर त्या काळात नव्यानं ठरायचा होता, त्यांना भाडेकरू चांगला असूनही घर परवडेनासं झालं. 20 वर्षांच्या कर्जाचं साधं गणित सांगते, दर 6 वरून 8 वर गेला की हप्ता 16 ते 17 टक्क्यांनी वाढतो. दोन टक्के ऐकायला थोडे वाटतात. भाडं एका वर्षात 17 टक्के वाढवून देणारा भाडेकरू मला अजून भेटायचा आहे. म्हणून कर्जाचा दर किती काळ बांधलेला आहे, हा प्रश्न मी दर किती आहे याच्या आधी विचारते.

परताव्याच्या टक्क्यांपेक्षा मला एकच आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. एक पैसाही भाडं न येता, मधेच एक मोठी दुरुस्ती निघाली असताना, किती महिने हप्ता भरता येईल? सहाच्या आत उत्तर आलं तर मी तो कागद पुढं बघत नाही. सहाच का, याला शास्त्राधार नाही. नवा भाडेकरू मिळायला आणि थकबाकीवाल्याला बाहेर काढायला लागणारा वेळ बघून माझं मत तसं झालं आहे. बाहेर काढण्याचा वेळ तर बऱ्याच ठिकाणी याहून कितीतरी मोठा असतो.

सरकारी नियमांबद्दल लोक फारसं बोलत नाहीत, कारण त्यांना शीटमध्ये रकाना नसतो. बर्लिनमध्ये फेब्रुवारी 2020 मध्ये भाडी गोठवणारा कायदा आला, एप्रिल 2021 मध्ये घटना न्यायालयानं तो रद्द केला. मधल्या वर्षभरात मालक आणि भाडेकरू दोघांनाही आपला करारातला आकडा खरा की खोटा हे कळत नव्हतं. ब्रिटनमध्ये 2015 च्या अर्थसंकल्पात ठरलं की वैयक्तिक मालकांना भाड्याच्या उत्पन्नातून कर्जाचं व्याज पूर्वीसारखं वजा करता येणार नाही. 2017 ते 2020 या काळात ते टप्प्याटप्प्यानं लागू झालं. वरच्या कराच्या टप्प्यातल्या, मोठं कर्ज असलेल्या काही मालकांवर खिशात काही उरत नसताना कर भरायची पाळी आली. हे नियम बरोबर की चूक यावर मी इथं बोलत नाही. राहायला घर लागणारी माणसं मतदारही असतात, आणि ती मालकांपेक्षा संख्येनं जास्त असतात, हे मात्र भाड्याच्या धंद्यात उतरताना लक्षात असलेलं बरं. हो, हा धंदाच आहे. रात्री अकराला पाइप फुटल्याचा फोन येतो ती गुंतवणूक कसली? शेअर कधी फोन करत नाही.

भाच्याच्या दुसऱ्या कागदावर एक भलतंच स्वस्त घर होतं. भाडं किमतीच्या चौदा टक्के! त्याला वाटलं, घबाडच सापडलं. मी त्याला डेट्रॉइटबद्दल सांगितलं. 1950 मध्ये साडेअठरा लाख वस्ती, 2010 मध्ये सव्वासात लाखांच्याही आत. कारखाने गेले, माणसं गेली, घरं उरली. कर थकलेली घरं लिलावात 500 डॉलरच्या बोलीपासून निघत, आणि लांबलांबचे लोक न बघता ती घेत. कागदावर परतावा डोळे दिपवणारा. प्रत्यक्षात घरातल्या तांब्याच्या नळ्या चोरीला गेलेल्या, थकलेल्या करांचा बोजा वेगळा, आणि मुळात शेजारची तीन घरं ओस असताना इथं राहायला येणार कोण? जुलै 2013 मध्ये त्या शहरानं स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. चौदा टक्के म्हणजे बाजारानं त्या घराच्या धोक्याची लावलेली किंमत असते. कधीकधी बाजार चुकतो, आणि तेवढ्या चुका ओळखण्याइतकी ती वस्ती ज्याला पाठ आहे त्यानं ते घर जरूर घ्यावं. भाचा त्या वस्तीत कधी गेलासुद्धा नव्हता.

भाडेकरू निवडण्याबद्दल मला फार सांगायचं नाही. कागदपत्रं बघावीत, आधीच्या मालकाशी बोलावं, करार लेखी करावा, अनामत वेगळ्या खात्यात ठेवावी कारण ते आपले पैसे नव्हेत. बाकी माणूस ओळखण्याची कला असल्याचा दावा करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

शेवटी भाच्यानं पहिल्या, मोक्याच्या घराबद्दल विचारलं, "मग घेऊ की नको ते सांग ना, मावशी."

मी म्हटलं, किंमत उलटी काढ. घराचं खर्च वजा जाता उरणारं भाडं 2.58, तुला निदान चार टक्के हवेत. मग सगळ्या खर्चासकट हे घर 64 च्या आसपास पडलं पाहिजे, म्हणजे विकणाऱ्याला देण्याची किंमत साठाच्या घरात. त्यानं हिशेब पुन्हा केला, आकडा तोच आला. "या भावाला कुणी देणार नाही," तो म्हणाला. खरं आहे, देणार नाही. विकणारा त्याला भाडं विकतच नव्हता.

भाच्यानं ते घर सोडलं नाही अजून. कर्ज सत्तरऐवजी चाळीस घ्यायचं, म्हणजे हप्ता पावणेचारच्या आत येतो आणि पदरचे सव्वाच्या आत घालावे लागतात, असं त्याचं चाललं आहे. तेवढे पैसे घालायला आईवडिलांची तयारी आहे का ते तो बघतो आहे. दरम्यान त्यानं विकणाऱ्याकडे इमारतीची इतिवृत्तं मागितली आहेत. ती मिळाली की आम्ही दोघं मिळून वाचणार आहोत.